लांबच्या फ्लाइटची इकॉनॉमी सीट कशी निवडायची: कंपनीचं नाव नंतर, आधी रांगेतल्या सीट मोजा

बारा-चौदा तासांची फ्लाइट बुक करायची असली की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या एअरलाइनची इकॉनॉमी चांगली? मग प्रत्येकजण आपापलं सांगतो, एक म्हणतो अमुक कंपनी मस्त, दुसरा म्हणतो त्याच कंपनीत माझे गुडघे कामातून गेले, आणि गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असतात. एका कंपनीकडे तीन-चार प्रकारची विमानं असतात आणि प्रत्येकातली सीट वेगळी. एमिरेट्सचंच घ्या, त्यांच्या ए३८० मध्ये इकॉनॉमीची सीट साधारण १८ इंच रुंद आणि त्यांच्याच ७७७ मध्ये साधारण १७. जेवण तेच, स्क्रीन तीच, पण बुडाखाली एक इंच कमी. ऐकायला एक इंच म्हणजे काहीच नाही वाटतं, सातव्या तासाला शेजाऱ्याचं कोपर बरगडीत यायला लागलं की कळतं.

म्हणून कंपन्या एकमेकींशी लावून बघू नका, विमानं लावून बघा.

पहिलं काम, विमान कुठलं ते शोधा. बुकिंग करताना फ्लाइटचे डिटेल्स उघडले की विमानाचं नाव नाहीतर तीन अक्षरी कोड दिसतो. ७७डब्ल्यू म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर, ७८९ म्हणजे ७८७-९, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८० आणि ३३३ म्हणजे ए३३०-३००. (हा ३३३ कोड आणि सीटची ३-३-३ मांडणी, म्हणजे तीन सीट, वाट, तीन सीट, वाट, तीन सीट, यात गोंधळ करू नका, मी केलाय.) तिथेच बारीक अक्षरात "अमुक एअरलाइनतर्फे संचालित" असं काही लिहिलंय का तेही वाचा, कारण कोडशेअर असेल तर तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, मग तुम्ही पहिल्या कंपनीबद्दल वाचलेलं सगळं वाया.

आता खरा मुद्दा. एका रांगेत किती सीट बसवल्यात? विमानाची रुंदी ठरलेली असते, त्यात आठ बसवायच्या की नऊ की दहा हे कंपनी ठरवते. मी एक साधा भागाकार करतो, केबिनची आतली रुंदी भागिले रांगेतल्या सीट. यात दोन्ही आइलची, म्हणजे सीटच्या मधल्या ये-जा करायच्या वाटांची जागाही येते त्यामुळे ही काही सीटची खरी रुंदी नव्हे, पण कुठे दाटी आहे आणि कुठे नाही ते लगेच कळतं.

७७७ ची केबिन ५.८७ मीटर रुंद आहे. नऊ सीट बसवल्या तर माणशी ६५ सेंटिमीटर येतात, दहा बसवल्या तर ५९ सुद्धा पुरे येत नाहीत. पूर्वी या विमानात बऱ्याच कंपन्या नऊच बसवायच्या, नंतर एकेकजण ३-४-३ वर गेला, कॅथे पॅसिफिकसुद्धा. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर मध्ये अजून ३-३-३ आहे, आणि फरक जाणवतो.

७८७ ची रुंदी ५.४९ मीटर. जवळजवळ सगळे यात नऊ सीट बसवतात, म्हणजे माणशी ६१. विमान नवीन, खिडक्या मोठ्या, लाइट भारी, त्यामुळे लोक याचं खूप कौतुक करतात पण सीट मात्र १७ इंचाच्या आसपासच असते. जपान एअरलाइन्सने मात्र आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये आठच ठेवल्यात, २-४-२, म्हणजे माणशी जवळपास ६९ सेंटिमीटर, आणि पिचही (पुढच्या-मागच्या सीटमधलं अंतर, नीट खाली सांगतो) ३३-३४ इंच. माझ्या मते इकॉनॉमीत याच्याएवढं मोकळं क्वचितच कुठे मिळेल.

ए३५० म्हणजे ५.६१ मीटर, नऊ सीटला ६२ च्या वर, ठीकठाक ते चांगलं. पण फ्रेंच बी सारख्या स्वस्तातल्या कंपनीने यातच दहा कोंबल्यात, मग ५६ वर येतं. तसंच जुन्या ए३३० चं, रुंदी ५.२८ मीटर, नेहमीची मांडणी २-४-२ आणि माणशी ६६, म्हणजे दिसायला जुनाट पण बसायला छान, आणि त्याच विमानात एअरएशिया एक्सने नऊ बसवल्या की गेलं सगळं. ए३८० च्या खालच्या मजल्यावर दहा सीट असूनही केबिन साडेसहा मीटर आहे त्यामुळे ६५ मिळतात, आणि काही कंपन्यांनी वरच्या मजल्यावरही थोडी इकॉनॉमी ठेवलीय, तिथे २-४-२ असतं.

ए३३०, ए३५०, ए३८० बनवणाऱ्या एअरबसने २०१३ मध्ये मागणी केली होती की लांबच्या फ्लाइटला इकॉनॉमीची सीट किमान १८ इंच हवी. आता त्यांच्या विमानांत १८ आरामात बसतात आणि प्रतिस्पर्धी बोइंगच्या दहा सीटच्या ७७७ मध्ये बसत नाहीत, त्यामुळे हा निव्वळ प्रवाशांचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही, पण आकडा म्हणून १८ ची खूणगाठ चांगली आहे.

मांडणीवरून अजून एक हिशोब निघतो जो फार कमी लोक करतात. २-४-२ मध्ये आठपैकी दोनच सीट अशा की ज्यांना ना खिडकी ना आइल. ३-३-३ मध्ये नऊपैकी तीन, ३-४-३ मध्ये दहापैकी चार. म्हणजे सीट आधी निवडायची सोय नसेल आणि नशिबावर सोडायचं असेल तर २-४-२ मध्ये अडकायची भीती सगळ्यात कमी. आणि दोघं असाल तर खिडकीकडची जोडी घ्या, तिसरा माणूसच नाही, रात्री कुणाला उठवायला नको.

आता पिच. पुढच्या सीटवरच्या एका ठिकाणापासून तुमच्या सीटवरच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर म्हणजे पिच, लांबच्या फ्लाइटला बहुतेक ठिकाणी ३१-३२ इंच. लोक याला लेगरूम समजतात पण तसं नाहीये, यात पाठीची जाडीही धरलेली असते. हल्ली ज्या पातळ पाठीच्या सीट आल्यात, त्यात मासिकाचा कप्पा वर सरकवलेला असतो, त्यामुळे ३१ इंचातही गुडघ्याला जागा मिळते जी जुन्या जाडजूड सीटला ३२ मध्येही मिळत नव्हती, फक्त गादी पातळ असते आणि आठ तासांनी बूड दुखतं, हे घ्या नाहीतर ते घ्या. गूगल फ्लाइट्सवर प्रत्येक फ्लाइटसमोर लेगरूम म्हणून जो आकडा येतो तो पिचचाच, आणि तो मी फक्त चाळणी म्हणून वापरतो, ३० दिसलं की पुढे.

स्वतःचं मापही घ्या, घरी दोन मिनिटांचं काम आहे. भिंतीला पाठ टेकून स्टुलावर ताठ बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा, मग खांदे मोजा. पाय लांब असतील तर पिच बघा, खांदे रुंद असतील तर रुंदी बघा. मी मध्यम उंचीचा आहे त्यामुळे मला पिचचं फारसं काही नाही, खांद्यांनीच जीव जातो, आणि मला वाटतं बऱ्याच लोकांचं असंच असतं पण तक्रार मात्र सगळे पायांची करतात.

विमान ठरलं की त्यातली नेमकी सीट. एअरोलोपा नावाच्या साइटवर कंपनी आणि विमानानुसार मापात काढलेले सीटमॅप असतात, खिडक्याही दाखवलेल्या असतात, त्यामुळे खिडकीची सीट म्हणून घेतलेल्या जागी नुसती भिंत तर नाही ना ते दिसतं. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन-तीन आवृत्त्या असू शकतात, तुमच्या बुकिंगमधल्या सीटमॅपशी रांगांचे नंबर जुळवून बघा.

एक्झिट रो, म्हणजे इमर्जन्सी दाराजवळची रांग, म्हणजे स्वर्ग असं सगळे सांगतात. पाय लांब होतात हे खरंय, पण ट्रे आणि स्क्रीन आर्मरेस्टमध्ये असल्यामुळे तो जाड असतो, वर उचलता येत नाही आणि सीट आणखी अरुंद होते. टेकऑफ-लँडिंगला बॅग पायाशी ठेवता येत नाही, शिवाय बऱ्याचदा तिथेच टॉयलेटची लाइन उभी राहते. केबिनच्या भिंतीमागची पहिली रांग असेल तर बॅसिनेट, म्हणजे बाळांचे पाळणे, तिथेच लागतात, म्हणजे तान्ही बाळं शेजारी येण्याचा चान्स भरपूर, त्यांची काही चूक नाही पण झोप तुमची जाते. शेवटची रांग बहुतेक वेळा नीट मागे होत नाही. मात्र दहा सीटच्या ७७७ मध्ये शेवटच्या काही रांगा विमान निमुळतं झाल्यामुळे २-४-२ होतात आणि खिडकी नि सीटमध्ये थोडी मोकळी जागा राहते, तिथली दोनची जोडी मिळाली तर मी एक्झिट रो सोडून ती घेईन.

एक गोष्ट सीटमॅपवर सहसा सापडत नाही, स्क्रीनच्या इलेक्ट्रॉनिक्सचा धातूचा डबा. जुन्या विमानांत तो पुढच्या सीटखाली असतो आणि एक पाय सरळ करायची जागा खाऊन टाकतो. एकदा अकरा तास मी डावा पाय तिरका ठेवून बसलोय, कंपनीचं नाव नको. सीट नंबर टाकून लोकांनी काढलेले फोटो शोधा, पाच मिनिटं जातात.

केबिनमधल्या हवेचं थोडक्यात. ७८७ आणि ए३५० मध्ये आतला दाब साधारण ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो, आणि या दोघांत हवाही जरा कमी कोरडी असते. त्यामुळे डोकं जड होणं, घसा सुकणं कमी. दोन पर्याय अगदी सारखे असतील तर मी यावर निर्णय घेतो, पण नऊ सीटच्या ७८७ पेक्षा आठ सीटचा ए३३० मिळत असेल तर ए३३० च घेतो, कोरडी हवा पाणी पिऊन निभावते.

सगळं ठरवून बुक केलं तरी विमान बदलू शकतं, आणि बदललं की सिस्टिम तुम्हाला जमेल तिथे टाकते. म्हणून एक-दोन आठवड्यांनी एकदा, आणि चेक-इन उघडायच्या आदल्या दिवशी परत एकदा, बुकिंग उघडून कोड तोच आहे का आणि सीट नंबर तोच आहे का बघा. बदललेला दिसला तर त्याच वेळी नवीन सीटमॅपवर जागा पकडा, काउंटरवर जाईपर्यंत दोनच्या जोड्या उडालेल्या असतात.