लाइट गेली तरी कॉल चालू: पुण्यात घरून काम करणाऱ्यांसाठी बॅकअपची तयारी

घरून काम सुरू झालं की बहुतेक जण आधी इन्व्हर्टरच्या किमती बघायला लागतात. इथेच क्रम चुकतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तो दोन-तीन तास सहज तग धरतो. लाइट गेल्याक्षणी बंद पडतो तो भिंतीवरचा इंटरनेटचा डबा, आणि त्याला लागतात जेमतेम आठ-दहा वॅट. म्हणून आधी डबा, मग दुसरं नेटवर्क, मग कामाच्या सवयी. इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी, आणि तोही लागलाच तर.

पुण्यात लाइट जाण्याला एक वेळापत्रक आहे. महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. त्या दिवशी सकाळी गेलेली लाइट दुपारपर्यंत येत नाही, असं अनेक भागांत होतं. ऑफिसला कुठल्या वारी जायचं हे तुमच्या हातात असेल तर डोळे झाकून गुरुवार घ्या. महापालिकेचं पाणीही बहुतेक वेळा त्याच दिवशी बंद असतं, त्यामुळे घरी बसून तसंही सुख नाही. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि तुमचा मोबाइल नंबर महावितरणकडे जोडलेला आहे का ते पाहा, म्हणजे नियोजित बंदचा मेसेज येतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हा नंबर हमखास मालकाचा असतो आणि मेसेज त्यांच्याकडे जातो. तक्रारीसाठी १९१२.

दुसरी वेळ वळवाची. एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापून संध्याकाळी ढग भरून येतात, वारा सुटतो, फांदी तारेवर पडते आणि फीडर (भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन) ट्रिप होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लायंटचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तशीच असतात. हिवाळ्यात हाच कॉल साडेसातला असतो. म्हणजे वळीव आणि स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) यांची वेळ ऐन उन्हाळ्यात नेमकी जुळते. तयारी करायची ती या दोन तासांसाठी.

आधी एक चाचणी करा

काहीही विकत घेण्याआधी हे तपासा: परिसरातली लाइट गेल्यावर तुमच्या घरापर्यंत इंटरनेट पोचतं का? पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा कुठून तरी, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून का होईना, डबा चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबून त्यावरचे दिवे बघा.

पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबरमधून प्रकाश येतोय. मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं, मधले स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारे तुकडे) नुसती काच असतात. त्यामुळे आख्खी गल्ली अंधारात असली तरी लाइन जिवंत राहते. एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल गेला) दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही: एक तर केबल तुटली आहे (रस्ता खोदणारा जेसीबी हा नेहमीचा संशयित), किंवा तुमच्या केबलवाल्याने मध्ये कुठेतरी, गच्चीवर नाहीतर खांबावरच्या पेटीत, विजेवर चालणारा स्विच ठेवला आहे. पॉन हिरवा पण इंटरनेट नाही, असं असेल तर बिघाड पुढे त्यांच्या बाजूला आहे.

गच्चीवरच्या स्विचमधून घरात साधी लॅनची वायर आली असेल तर सोसायटीचं मीटर बंद म्हणजे तुमचं नेट बंद. अशा जोडणीवर घरात दहा हजारांचा यूपीएस लावूनही उपयोग शून्य. केबलवाल्याला सरळ विचारा, "पेटीत बॅटरी आहे का, आणि किती वेळ चालते?" उत्तर गुळमुळीत आलं तर कंपनी बदलण्याचा विचार करा, बॅकअपवर खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

डब्यासाठी मिनी यूपीएस

राउटरसाठी लिथियम बॅटरीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, साधारण दीड-दोन हजारांत. तो घेताना चार गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली, व्होल्टेज. डब्याच्या मागे किंवा ॲडॅप्टरवर लिहिलेलं असतं: बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट, काही जुने राउटर ९ व्होल्टचे. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. दुसरी, अँपिअर. फायबरचा डबा १.५ अँपिअरचा आणि वेगळा वायफाय राउटर १ अँपिअरचा, दोन्ही एकाच २ अँपिअरच्या यूपीएसला वाय-केबलने जोडले, की एरवी चालतात आणि भार वाढला की रीस्टार्ट होतात. हा बिघाड फसवा असतो, कारण दोष नेटवर्कचा वाटतो. तिसरी, पिन. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते, टेबलाला धक्का लागला की नेट जातं. सोबत येणाऱ्या पिना एकेक लावून, हलवून बघा. चौथी, ध्रुव: मधला भाग धन असल्याचं चिन्ह दोन्हीकडे सारखं हवं.

किती वेळ चालेल याचं गणित खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावरून करू नका. १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नाही. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास. रूपांतरात साधारण १५ टक्के जातात, उरतात ३१. डबा १० वॅट खात असेल तर तीन तास. २,००० एमएएचचे तीन सेल असलेल्या स्वस्त मॉडेलमध्ये हेच गणित दोन तासांच्या आत संपतं.

घरात डेस्कटॉपचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस पडून असेल तर मोह होतो. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची. पण तो स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो, म्हणजे राउटरपेक्षा जास्त. शिवाय काही मॉडेल भार फारच कमी दिसला की आपोआप बंद होतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक. बॅटरी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तीही अपेक्षा ठेवू नका.

दुसरं नेटवर्क

हॉटस्पॉट सगळ्यांकडे असतो, म्हणूनच ऐन वेळी तो चालत नाही. लाइट गेली की वाकड किंवा बावधनसारख्या भागात शेकडो लॅपटॉप एकदम त्याच टॉवरवर येतात. टॉवरला बॅटरी असते, पण गर्दीवर बॅटरीचा इलाज नाही. शिवाय घरच्या ब्रॉडबँडची जी कंपनी, तिचंच सिम बॅकअपला ठेवू नका. एकच केबल तुटल्यावर दोन्ही आडवे होऊ शकतात. वेगळ्या कंपनीचं साधं सिम घ्या आणि संध्याकाळी साडेसहाला, तुम्ही बसता त्याच खुर्चीवरून, त्याचा वेग मोजा. गॅलरीत मोजलेला वेग आतल्या खोलीत खरा ठरत नाही.

जोडताना वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबल बरी. जोडणी स्थिर राहते आणि फोन लॅपटॉपवर चार्जही होतो (लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते, हे धरून चला). विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड (मर्यादित डेटाची) अशी खूण करून ठेवा, नाहीतर नेमका तेव्हाच अपडेट उतरायला लागतो. डॉकरच्या इमेज, क्लाउडचं सिंक, फोटोंचा बॅकअप हे सगळं थांबवा. एचडी व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या वर सहज खातो. कॅमेरा बंद केला की तोच कॉल थोडक्या डेटात निभावतो. मीटिंगच्या आमंत्रणात फोनवरून जोडण्याचा नंबर असेल तर तो आणि पिन मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा. डेटा साफ मेला तरी साधा फोन बहुतेकदा लागतो.

कामाच्या सवयी

नेटवर्क बदललं की आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटतो आणि एसएसएचवर (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची जोडणी) चालू असलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तासभर चाललेला बिल्ड किंवा डेटा लोड असा मधे मेला तर दोष लाइटचा नाही. दूरच्या सर्व्हरवर काही लांबलचक चालवायचं असेल तर ते टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रॅमच्या आत सुरू करायचं. जोडणी तुटली तरी काम तिकडे चालू राहतं, परत आल्यावर तेच सत्र पुन्हा उघडता येतं. हे शिकायला अर्धा तास पुरतो आणि इन्व्हर्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ढग भरून आले की अर्धवट काम स्वतःच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) कमिट करून पुश करा, म्हणजे ते सर्व्हरवर साठतं. ब्रँच तुमची आहे, कमिट मेसेज "चालू काम" असला तरी कुणाचं बिघडत नाही, नंतर स्क्वॅश (कमिट एकत्र) करता येतो. डेटाबेसचं मायग्रेशन किंवा प्रॉडक्शनचं डिप्लॉयमेंट मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरून अशा वेळी सुरूच करू नका. ते पाइपलाइनमधून (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांमधून), सर्व्हरवर चालायला हवं, आणि परत फिरवायची पायरी तुमच्याखेरीज टीममधल्या आणखी एकाला माहीत हवी.

टीमला कळवण्याचा मेसेज फोनवर तयार ठेवा: लाइट गेली, मोबाइल डेटावर आहे, कॅमेरा बंद राहील, अमुक काम अमक्याकडे देतोय. चॅटचं ॲप फोनवर आधीच लॉगिन केलेलं असावं. अंधारात ओटीपी शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

इन्व्हर्टर लागलाच तर

डेस्कटॉप असेल, बाहेरचा मॉनिटर असेल किंवा पंख्याशिवाय बसवत नसेल तर इन्व्हर्टर घ्या. ९०० ते ११०० व्हीए आणि १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी ही नेहमीची जोडी. कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, हाताशी धरायचे साधारण १,१००. लॅपटॉप ४५, मॉनिटर २५, इंटरनेट १०, साधा पंखा ७५, ट्यूब २०: एकूण १७५ वॅट. म्हणजे सहा तासांच्या आसपास. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर त्याचे ३० च वॅट लागतात आणि तेच आठ तासांवर जातं. गुरुवार निघतो.

साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुरगुरतो आणि ॲडॅप्टर तापतात. मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा स्विच असतो. तो यूपीएसवर हवा. नॉर्मलवर बदल इतका सावकाश होतो की डेस्कटॉप रीस्टार्ट होतो आणि लोक इन्व्हर्टर खराब आहे म्हणून कंपनीला फोन करतात.

वायरमनला सांगा की इन्व्हर्टरच्या पॉइंटचा न्यूट्रल वेगळा ओढायचा. तो दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला तर आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत राहतो आणि कारण सापडत नाही. भाड्याच्या घरात वायरिंगला हात न लावता इन्व्हर्टरच्या मागच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावला तरी टेबलापुरतं भागतं. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, पातळी दर दोन-तीन महिन्यांनी बघायची. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कपाटात ठेवायची नाही.

सोसायटीला जनरेटर आहे, मग काय चिंता, असं वाटत असेल तर सेक्रेटरींना विचारा की तो फ्लॅटमध्ये येतो की फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यापुरता आहे. फ्लॅटमध्ये येत असला तरी चालू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कॉल गेलेला असतो. मिनी यूपीएस तरीही लागतोच.

वीज कडाडताना

गच्चीवरून आलेली लॅनची वायर विजेच्या काळात लॅपटॉपमधून काढून ठेवा. तिच्यातून आलेल्या झटक्याने पोर्ट जळतो. वायफायवर काम करा. स्पाइक गार्ड अर्थिंगशिवाय पूर्ण काम करत नाही, म्हणून तिसऱ्या पिनेत खरोखर अर्थिंग आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

वादळात दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाले तर वाट न बघता मेन स्विच पाडा. न्यूट्रल तुटल्याचं ते लक्षण असतं, आणि २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज घरात येऊ शकतं. लाइट जाण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं. मग १९१२.

लाइट आल्यावरही पाच मिनिटं थांबा, बरेचदा ती येऊन पुन्हा जाते. मिनी यूपीएस पूर्ण उतरला असेल तर लाइट आल्यानंतर डबा काही वेळ सारखा रीस्टार्ट होताना दिसेल: एकच ॲडॅप्टर बॅटरीही भरतोय आणि डबाही चालवतोय, त्याला ते झेपत नाही. अशा वेळी यूपीएस मधून काढा, डबा थेट ॲडॅप्टरवर घ्या आणि कॉल संपल्यावर यूपीएस परत जोडा. हे वारंवार होत असेल तर त्याच व्होल्टेजचा, पण २ किंवा ३ अँपिअरचा ॲडॅप्टर आणून लावा. यूपीएसच्या इनपुटवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून.