मानवी पेशी टोचलेले उंदीर: या चुका टाळा

महापेच्या आमच्या लॅबमधली एक सकाळ. एनएसजी उंदीर (स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसलेली, म्हणून माणसाच्या पेशी अंगात टिकू देणारी जात) पाठीला पोक काढून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलेला, अंगावरचे केस विस्कटलेले. काट्यावर ठेवला तर 23 ग्रॅमचा 19 वर आलेला. औषध सुरू होऊन दहाच दिवस झाले होते, त्यामुळे ‘औषध विषारी आहे’ असं आम्ही ठरवूनही टाकलं. शेजारचे पिंजरे उघडले, तर औषध न दिलेल्या उंदरांचीही तीच गत.

टोचलेल्या पेशी माणसाच्या, म्हणजे दात्याच्या. त्यातल्या टी पेशींनी (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) उंदराच्या यकृतावर, फुप्फुसांवर, कातडीवर हल्ला चढवला होता. टोचलेल्या पेशी अशा यजमानावरच उलटतात, हाच जीव्हीएचडी. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पेशी टोचल्या की साधारण चार ते सहा आठवड्यांत तो डोकं वर काढतो. प्रयोग त्याआधी संपेल अशा बेतानंच औषधाची तारीख धरा. आणि खर्च वाचवायला पेशी टोचलेला पण औषध न दिलेला गट कृपा करून गाळू नका. त्या गटामुळेच आमचं औषध वाचलं.

जास्त दिवसांचं काम असेल तर नाळेच्या रक्तातल्या सीडी34 मूळपेशी (ज्यांतून पुढे रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात) घ्या. त्यात टी पेशी मिसळलेल्या राहिल्या, तर जीव्हीएचडी तिथंही येतो. इथं घाई नडते. आधी बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात. टी पेशी नीट यायला बारा आठवडे, कधी जास्तही लागतात. आठव्या आठवड्यात टी पेशी नाहीत म्हणून उंदीर बाद करू नका.

मूळपेशींना जागा व्हावी म्हणून उंदराला आधी रेडिएशन देतात. त्याचा डोस दुसऱ्या जातीच्या उंदरांवरून उचलू नका. स्किड नावाच्या जनुकीय उत्परिवर्तनामुळे एनएसजी उंदरांची डीएनए-दुरुस्तीच लंगडी असते. साधा उंदीर सोसतो तो डोस यांचा जीव घेतो.

एका दात्याच्या पेशी फक्त एकाच गटाला देऊ नका, प्रत्येक दाता सगळ्या गटांत वाटा. नाहीतर फरक औषधाचा की दात्याचा, हे कधीच कळणार नाही.

पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की ठाण्याहून येणारी रक्ताची पिशवी तासन्‌तास अडकते. काळजीपोटी ती बर्फात ठेवतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या असतील तर रक्त खोलीच्या तापमानालाच आणा.

कातडी कोरडी, खवल्यांची झाली म्हणजे जीव्हीएचडीच, असंही नाही. कोरिनेबॅक्टेरियम बोव्हिस हा जंतू हुबेहूब तसंच दाखवतो. कातडीचा स्वॅब पीसीआरला पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत तो पिंजरा सगळ्यांत शेवटी उघडा.