मिरगाआधी जुन्या जिप्सीची तयारी

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, घरच्या अंगणात उघडायची तर मे महिन्यातच. वळीव एक-दोनदा येऊन गेलेला असतो, जमीन अजून कडक असते आणि मिरगाला पंधरा-वीस दिवस हातात असतात. एकदा पाऊस लागला की कोल्हापुरात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, गगनबावडा-राधानगरीकडं तर विचारायलाच नको. अशा ओलीत उघडं पडलेलं बेअरिंग बघता बघता गंज धरतं. पुढं लिहितोय ते मारुती जिप्सी डोळ्यापुढं ठेवून. 1985 ला आलेली ही गाडी बाजारातून गेली तरी आपल्या डोंगरी भागात अजून कामाला जुंपलेली दिसते. महिंद्राची जुनी जीप असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. जुन्या फोर बाय फोरमध्ये जे महागात पडतं ते बहुतेक एकाच वाटेनं येतं, ते म्हणजे ग्रीसमध्ये आणि गिअर ऑइलमध्ये शिरलेलं पाणी. त्यामुळं सगळ्या तयारीचा रोख तिकडंच ठेवायचा. मोठे टायर, जादा दिवे, नवा रंग हे सगळं नंतर.

सुरुवात कागदांपासून करा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि त्यापुढं दर 5 वर्षांनी पासिंग करून ती वाढवावी लागते. ती तारीख या दोन-तीन महिन्यांत येत असेल तर आधी आरटीओची वेळ घ्या, कारण चाकं काढून ठेवलेली गाडी पासिंगला नेता येत नाही. विमा आणि पीयूसी त्याच बैठकीत बघून घ्या.

मग पान्याला हात लावायच्या आधी गाडी खालून धुवा. पन्हाळा, राधानगरी, आंबा या बाजूची जांभ्याची लाल माती पाट्यांच्या (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांच्या) फटीत, चेसिसच्या घडीत आणि बॉडीच्या रबरांखाली जाऊन बसते, आणि ती ओल धरून ठेवते म्हणून तिथूनच गंज लागतो. वॉशिंग सेंटरवर धुवून घेत असाल तर पोराला आधीच सांगा की जोराचा फवारा ऑइल सीलवर (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्यांवर), ब्रीदरवर (एक्सलमधली हवा ये-जा करते त्या तोंडावर) आणि अल्टरनेटरवर मारायचा नाही. धुतल्यावर एक दिवस गाडी नेहमीसारखी फिरवा आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि वही घेऊन खाली झोपा. स्वच्छ लोखंडावर नवीन ओल कुठं दिसते, तिचा रंग काय, ती कुठून ओघळली, हे लिहून काढा. खरी यादी इथून तयार होते. गाडी अलीकडंच वापरलेली घेतली असेल तर 2019 आणि 2021 च्या महापुरात ती कुठं उभी होती, हे विचारल्याशिवाय राहू नका. सीटच्या रुळांखाली, डॅशबोर्डच्या मागं, दिव्यांच्या काचेच्या आत बारीक गाळाची रेघ सापडली तर सगळी तेलं बदलायची, त्यात वाद नाही.

जागेच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास आहे, त्यामुळं दोन टनांचा जॅक पुरतो, पण जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. लोखंडी घोड्यांची, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या स्टँडची, जोडी विकत घ्या, एकदा घेतल्या की जन्मभर पुरतात. वळवानं भिजलेल्या अंगणात घोडीचे पाय मातीत रुततात, म्हणून खाली जाड फळी टाका. फरशीवर काम असेल तरी फळी हवीच, कारण पोकळ बसलेली फरशी वजनानं तडकते. घरामागं पडलेला जांभ्याचा चिरा किंवा विटांचा थर उंचीला अगदी बरोबर बसतो म्हणून तो वापरायचा मोह अनेकांना होतो. चिरा सच्छिद्र असतो आणि दाब एका बिंदूवर आला की न सांगता फुटतो. तो वापरू नका. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावा, एकट्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे, अधूनमधून हाक मारत जा.

हत्यारं तुमच्याकडं बरीचशी असतीलच. रिंग पान्यांचा सेट, गोटी पाना लांब दांड्यासह, टॉर्क रेंच, बेअरिंगला लागणारी पितळी दांडी, सर्क्लिपची पक्कड, ग्रीस गन, व्हर्निअर. नसेल ते मागून आणा. गंज सोडवणारं तेल मात्र कामाच्या आदल्या दिवशीच प्रत्येक बोल्टवर मारून ठेवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी परत एकदा मारा. त्याच दिवशी एक काम उरकून टाका, ते म्हणजे दोन्ही डिफ (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले डिफरन्शिअल), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा) यांचे तेल भरायचे प्लग सुटतात का ते बघणं. खालचा प्लग काढून तेल सांडलं आणि मग वरचा प्लग सुटेना, तर गाडी जागेवर अडकते. म्हणून आधी वरचा, मग खालचा.

सुट्या भागांसाठी दुकानात जाऊन नुसतं ‘जिप्सीचं सील द्या’ म्हणू नका. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ते वाचा, पुसले असतील तर व्हर्निअरनं माप घ्या. नंबर हातात असला की चांगल्या कंपनीचं बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं आणि डुप्लिकेटच्या फेऱ्यातून सुटका होते. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे, प्रेस आहे, आणि नुसता तुटका तुकडा बघून माप सांगणारा टर्नर आहे. ऑइल इंजिनं आणि फौंड्रीच्या कामावर वाढलेली ही वस्ती आहे. बुश काढणं-बसवणं, झिजलेला स्टड नवा करणं, ड्रमला कट मारणं ही कामं घरात हातोड्यानं करत बसू नका, सरळ तिकडं द्या. सुट्टीचा वार आधी विचारून ठेवा, नाहीतर सगळं सुटं करून एक दिवस नुसतं बसावं लागतं.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा, पुढची नकल, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर बसतं आणि वळतं तो सांधा. जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या टोकाला गुळगुळीत लोखंडी गोळा असतो, त्याच्यावरून नकल वळते आणि मधली फट रबर व फेल्टचं सील पुसत राहतं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि गोळ्यावरून बोट फिरवा. बोटाला पातळ चिकट थर लागला तर सगळं ठीक आहे. कोरडा आणि खरखरीत लागला तर बाहेरचं सील गेलंय, पाणी आणि वाळू आत जायला रस्ता मोकळा आहे. काळं, पातळ झालेलं ग्रीस ओघळत असेल तर एक्सलच्या आतलं सील गेलंय आणि डिफचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन काढतंय. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं ते गुळगुळीत केल्याशिवाय नवं सील घालू नका, पहिल्याच वळणावर ते कापलं जाईल.

चाक उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे नकल ज्या खिळीवर वळते ती. एवढ्या एका परीक्षेवर निम्मा खर्च वाचतो, कारण गॅरेजमध्ये बऱ्याचदा दोन्ही बदलून देतात. फोर बाय फोर टाकून पूर्ण वळणावर कट-कट आवाज येत असेल तर आतला जॉइंट झिजलाय, तो यादीत वेगळा लिहा.

नकल उघडताना वर आणि खाली किंगपिनखाली पत्र्याच्या पातळ शिम निघतात. डावी-वरची, डावी-खालची, उजवी-वरची, उजवी-खालची अशा चार वेगळ्या डब्यांत त्या ठेवा आणि डब्यावर लिहा. एकत्र झाल्या की मूळ माप परत सापडत नाही. बेअरिंग किती घट्ट बसलंय हे हातानं कळत नाही, त्यासाठी स्प्रिंगचा छोटा वजनकाटा आणा. बाहेरचं सील न लावता, टाय रॉड (स्टिअरिंगची नकलला जोडलेली दांडी) सोडून, त्याच्या भोकात काट्याचा हूक अडकवा आणि हळू ओढा. नकल हलायला लागते त्या क्षणी काटा जे दाखवतो ते हँडबुकातल्या आकड्याशी जुळवा. सैल असेल तर शिम कमी करायची. मला या कामात हा क्षण फार आवडतो, आजवर अंदाजानं केलेली गोष्ट पहिल्यांदा आकड्यात दिसते. कॅलिपर काढला की तो तारेनं पाट्याला बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

तेलाकडं येऊ. गाडी थोडी फिरवून गरम तेल काढा, गाळ सोबत येतो. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. प्लगला मॅग्नेट असेल तर त्यावर राखेसारखा बारीक लगदा चालतो, चमकणारे कपचे सापडले तर थांबा आणि डिफ उघडून बघा. डिफला 80W-90, जीएल-5 दर्जाचं तेल. गिअरबॉक्सला मात्र हँडबुकात लिहिलेलंच, कारण जीएल-5 मधली रसायनं काही वेळा सिंक्रोच्या (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगांना खातात. सगळं मिळून सहा लिटरच्या आसपास धरून चला. सपाट जागेवर भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की पुरे.

ब्रीदरकडं कुणी बघत नाही, आणि निम्मं दुखणं तिथंच असतं. चालून गरम झालेलं डिफ ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर मातीनं बुजला असेल तर ती हवा सीलच्या कडेनं आत ओढली जाते आणि सोबत पाणी येतं. म्हणून ब्रीदर साफ करा, आणि जमलं तर त्याला तेल सोसणारी रबरी नळी जोडून तिचं टोक बोनेटखाली उंचावर न्या. नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर यादीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेव्हा ते दोन वर्षांनी बदला आणि नेहमी सीलबंद डब्यातलंच घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट बघा. रेडिएटर इंजिनच्या बाजूनं धुवा. बॅटरीची अर्थ पट्टी चेसिसला जिथं बसते तिथला गंज घासून काढा. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तडा नाही ना, हे अंधारात इंजिन चालू करून बघा. ठिणगी दिसते.

पेट्रोलच्या नळ्यांना यंदा वेगळं लक्ष द्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या जिप्सीची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, तडकतात. इथेनॉल पाणीही धरतं, त्यामुळं गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. उसाच्या जिल्ह्यात राहून आपण हे जरा आधी ओळखायला हवं. इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या आणि टाकीपासून इंजिनपर्यंत एकदाच सगळी बदला.

काढलेलं तेल बंद कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. गटारीत ओतलेलं जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं, आणि तेच पाणी खालची गावं वापरतात. चेसिसला फासायलाही ते नको, रबरी बुश त्यानं खराब होतात.

जोडून झालं की चाचणी वाघबीळच्या चढाला घ्या. वर पोचल्यावर चारही हबना हात लावा, एकच हब भाजत असेल तर ते बेअरिंग घट्ट बसलंय किंवा ब्रेक धरतोय. फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर टाकून बघू नका. पुढच्या-मागच्या चाकांचा फरक घ्यायला मध्ये डिफरन्शिअल नाही, ताण थेट शाफ्ट आणि गिअरवर येतो. त्यासाठी एखादी मातीची पाणंद गाठा. फ्रीव्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडता-जोडता येणारे) असतील तर ते लॉक करा, आधी 4H (फोर बाय फोर, नेहमीचा वेग), मग थांबून 4L (फोर बाय फोर, कमी वेग पण जास्त जोर). घरी आल्यावर यू-बोल्ट आणि चाकाचे नट परत टॉर्क रेंचनं बघा, आणि रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला पडला असेल तर नकलचं सील परत उघडायचं, मधोमध पडला असेल तर ट्रान्सफरच्या प्लगचा वॉशर बदलायचा.