रेडला ग्रुप कसा मिळवायचा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नव्याने रेड करणाऱ्यांसाठी

कमाल लेव्हल झाली, गियरही (शस्त्रं आणि चिलखत) बऱ्यापैकी जमला, आता रेड करायची आहे, म्हणजे मोठ्या ग्रुपने मिळून एकेक बॉस मारायचा आहे. ग्रुप फाइंडरमध्ये, म्हणजे गेममधल्या ग्रुप शोधायच्या यादीत, ग्रुप ढीगभर दिसतात, पण अर्ज टाकले की एकामागून एक नकार येतात. नव्या माणसाला वाटतं आपला खेळच कच्चा आहे. खरं तर लीडरने तुमचा खेळ पाहिलेलाच नसतो. त्याच्यासमोर असते फक्त एका ओळीतली माहिती. आणि जे ग्रुप जमतात तेही पाऊण तासात फुटतात, कारण अर्ध्या लोकांना बॉस शिकायचा असतो आणि अर्ध्यांना तो मारून मोकळं व्हायचं असतं. तेव्हा ग्रुप शोधताना आयटम लेव्हलच्या (गियरच्या ताकदीचा आकडा) आधी बघायचा तो त्या ग्रुपचा हेतू.

काठिण्याचे चार स्तर आहेत. रेड फाइंडर, म्हणजे एलएफआर, २०११ पासून आहे. इथे अर्ज नाही, रांग आहे: २ टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे), ६ हीलर (बाकीच्यांना जगवणारे) आणि १७ डीपीएस (बॉसला मारणारे) असे २५ जण गेम स्वतःच जमवतो. नॉर्मल आणि हिरोइकला १० ते ३० कितीही माणसं चालतात, बॉसची ताकद त्या प्रमाणात कमीजास्त होते. मिथिकला नेमके २० लागतात. मिथिकचं लॉकआउटही (बॉस मारला की आठवडाभर त्याच रेडशी बांधलं जाणं) वेगळ्या धाटणीचं असतं, त्यामुळे अनोळखी ग्रुपबरोबर उगाच एखादा बॉस मारून आठवडा अडकवून घेऊ नका. पहिले काही आठवडे तिकडे फिरकलाच नाहीत तरी चालेल.

एलएफआर वाईट नाही, पण तिथे रेड शिकता येते हा गैरसमज आहे. तिथे नकाशा कळतो, बॉस दिसतो, त्याच्या हल्ल्यांचे रंग डोळ्यांत बसतात. पण बऱ्याच मेकॅनिक्स, म्हणजे बॉसच्या टाळायच्या किंवा हाताळायच्या चाली, इतक्या बोथट केलेल्या असतात की चुकीच्या जागी उभं राहूनही माणूस जगतो, आणि तीच सवय नॉर्मलला नडते. प्रत्येक विंग (रेडचा एकेक भाग) एकदा करा आणि पुढे चला.

ग्रुप फाइंडर उघडायला 'आय' ही कळ. त्यात प्रीमेड ग्रुप्समध्ये रेड निवडली की यादी येते. यादीतली नावं सांकेतिक असतात, ती वाचता आली की निम्मा वेळ वाचतो. समजा लिहिलंय: 'एचसी फ्रेश, एओटीसी लिंक, नो लूट रिझर्व्ह'. म्हणजे हिरोइक, पहिल्या बॉसपासून सुरुवात. एओटीसी म्हणजे चालू रेडचा शेवटचा बॉस हिरोइकला मारल्याची अचिव्हमेंट, आणि लिंक म्हणजे ती दाखवा. ती नसेल तर इथे अर्ज टाकणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. लूट म्हणजे बॉसकडून मिळणाऱ्या वस्तू; रिझर्व्ह नाही, म्हणजे लीडरने कुठली वस्तू स्वतःसाठी राखून ठेवलेली नाही. नावात 'लास्ट बॉस' किंवा '६/८' दिसलं तर आधीचे बॉस मारून झालेत. नव्या माणसासाठी हा सगळ्यात वाईट ग्रुप, कारण उरलेले बॉस सर्वांत अवघड असतात आणि लोकांचा संयम संपत आलेला असतो. 'लर्निंग', 'प्रॉग' (न जमलेले बॉस शिकत पुढे जाणं), 'चिल', 'न्यू प्लेअर्स वेलकम' हे शब्द तुमच्यासाठी. 'चिल' मात्र जपून घ्या. कधी त्याचा अर्थ 'समजावून सांगू' असतो, कधी 'कुणीच काही सांगणार नाही' असा.

फायनल फँटसी १४ मध्ये हा घोळ कमी आहे. तिथल्या पार्टी फाइंडरमध्ये सराव, पूर्ण करणं आणि लूट असे हेतू लीडरला वेगळे निवडता येतात. डेस्टिनी २ मध्ये रेडला सहा जण लागतात, तिथे २०२३ पासून गेममध्येच फायरटीम फाइंडर आहे. वॉरक्राफ्टमध्ये मुख्य भिस्त त्या एका ओळीवर.

वेळ कुठली साधायची? आठवड्याचा रीसेट (मारलेले बॉस आणि त्यांची लूट पुन्हा खुली होणं) अमेरिकेच्या सर्व्हरवर मंगळवारी, युरोपात बुधवारी. रीसेटनंतरच्या पहिल्या दोन-तीन संध्याकाळी यादीत फ्रेश ग्रुप भरपूर असतात आणि जाणती माणसंही तेव्हाच येतात, कारण त्यांची त्या आठवड्याची लूट अजून बाकी असते. आठवडा सरत आला की उरतात ते फुटलेल्या ग्रुपचे तुकडे.

एका वेळी पाच अर्ज टाकता येतात, पाचही टाका. अर्जासोबत छोटी नोट लिहायची सोय आहे आणि बहुतेक जण ती कोरी सोडतात. 'हाय, इन्व्ह प्लीज' लिहिण्यात काही अर्थ नाही. 'पहिल्या चार बॉसचा अनुभव, पाचवा पाहिलाय, डिस्कॉर्ड आहे, तीन तास आहे' असं लिहिलं की लीडरला हवं ते सगळं मिळतं. केलेलं नाही ते केलं म्हणून लिहू नका. रेडर आयओ या वेबसाइटवर तुमची प्रगती कुणालाही दिसते, आणि नाही पाहिली तरी पहिल्याच पुलला (बॉसशी लढाईचा एक प्रयत्न) उघडं पडतं.

भूमिकेचं गणितही लक्षात ठेवा. ग्रुप १२ जणांचा असो की २५ जणांचा, टँक दोनच लागतात आणि त्या जागा बहुधा लीडरच्या ओळखीतून भरतात. डीपीएसची गर्दी कायमची. हीलर साधारण पाच माणसांमागे एक लागतो आणि तोच कमी पडतो, म्हणून हीलरला जागा सर्वांत लवकर मिळते. तुमच्या क्लासला (पात्राचा प्रकार) हीलिंगचा स्पेक (खेळायची खास पद्धत) असेल तर तो शिकून ठेवणं हा ग्रुप मिळवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. डीपीएसच खेळायचं असेल तर क्लास रेडला काय देतो ते बघा. मेजचं आर्केन इंटलेक्ट, वॉरियरचा बॅटल शाउट, प्रीस्टचं फोर्टिट्यूड हे बफ (ताकद वाढवणारे परिणाम) सगळ्या रेडला मिळतात. तो क्लास ग्रुपमध्ये नसेल तर तुमचा अर्ज वर सरकतो.

आता तयारी. प्रत्येक बॉसची माहिती गेममधल्या ॲडव्हेंचर गाइडमध्ये असते, त्यात भूमिकेनुसार सारांशही आहे. सगळं पाठ करायला जाल तर काहीच लक्षात राहणार नाही. बॉसमागे तीनच गोष्टी पुरेत: मला कशाने मरण येतं, मी कुठे उभं राहायचं, आणि माझ्या भूमिकेचं असं कुठलं काम आहे जे चुकलं तर सगळे मरतात. गियरला लावायचे एन्चंट आणि जेम पूर्ण असावेत. ते महाग म्हणून नव्हे. तुमचं पात्र तपासणाऱ्या लीडरला रिकामी जागा सर्वांत आधी दिसते. तीन तासांसाठी तीन-चार फ्लास्क (बराच वेळ टिकणारा बफ), साध्या जेवणाचा बफ मेल्यावर जातो म्हणून त्याचे वीसेक नग, आणि दहा-पंधरा पोशन (थोड्या वेळाची जास्त ताकद) जवळ ठेवा. आधी दुरुस्ती करून घ्या. प्रत्येक मरणाला गियरचा १० टक्के टिकाऊपणा जातो. दहा वाइपनंतर (सगळे मरून पुन्हा सुरुवात) चिलखत लाल पडलेला माणूस दुरुस्तीच्या माउंटची भीक मागताना दिसला की लीडरच्या लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थाने नाही.

डिस्कॉर्डवर (आवाजाने बोलायचं ॲप) ऐकणं जवळपास सक्तीचं असतं, बोलणं नाही. माइक बंद ठेवा, पण कान उघडे.

रेडी चेक, म्हणजे लीडरचा 'तयार आहात का' हा प्रश्न, आला की तपासा: फ्लास्क चालू, जेवण झालं, स्पेक योग्य, मगच हिरवी खूण. लोक सवयीने खूण दाबतात आणि पुलच्या मध्यात कळतं की टॅलेंट कालच्या डंजनचे आहेत. पुल टायमर सुरू झाला की पोशन शेवटच्या एक-दोन सेकंदांत घ्या. लांबून मारणारे असाल तर पहिल्या सेकंदाला सगळी ताकद ओतू नका, टँकला बॉस पकडू द्या. ब्लडलस्ट किंवा हिरोइझम (सगळ्या रेडचा वेग वाढवणारी शक्ती) लीडर सांगेल तेव्हाच: ४० सेकंद ३० टक्के वेग मिळतो आणि नंतर १० मिनिटं परत लागू होत नाही. उतावीळपणे दाबलेलं ब्लडलस्ट हे अनोळखी रेडमधल्या भांडणांचं हमखास निमित्त आहे.

मेलात तर बॅटल रेझ (लढाई चालू असतानाच जिवंत करणं) मागत बसू नका. रेडमध्ये त्याचे चार्ज सगळ्यांचे मिळून असतात: सुरुवातीला एक, आणि पुढचा ९० भागिले माणसांची संख्या इतक्या मिनिटांनी. २० जणांत तो साडेचार मिनिटांनी येतो. तो टँकला किंवा हीलरला ठेवायचा की तुम्हाला द्यायचा हे लीडर ठरवेल. तोवर डेथ रीकॅप उघडून कशाने मेलात ते वाचा. त्याच गोष्टीने दोनदा मेलात आणि कारण कळलं नाही तर वाइपनंतर एका वाक्यात विचारा. याला कुणी हसत नाही. न विचारता सहाव्यांदा तिथेच मेलात की मात्र काढून टाकतात.

लूटचे नियम आत शिरतानाच माहीत हवेत. नीड म्हणजे चालू स्पेकसाठी खरोखर गरज, ग्रीड म्हणजे बाकी सगळं, ट्रान्समॉग म्हणजे फक्त रूपासाठी. जिंकलेली वस्तू तुम्हाला नको असेल तर दोन तासांच्या आत त्याच बॉसच्या लूटला पात्र असलेल्या दुसऱ्याला देता येते. लोक कुजबुजीत (खासगी मेसेजमध्ये) मागतील. द्यायची की नाही ही तुमची मर्जी. आणि त्याच काठिण्यावर एका बॉसची लूट आठवड्यात एकदाच मिळते. नॉर्मलला पहिले तीन बॉस मारून झाले असतील तर दुसऱ्या नॉर्मल ग्रुपमध्ये त्यांच्यावर फक्त सराव होईल.

निघायची वेळ झाली तर पुढच्या पुलआधी सांगा, टायमर चालू असताना नाही. 'शेवटचे दोन पुल' म्हटलं की लीडरला बदली शोधता येते. ग्रुप बरा वाटला तर संपताना लीडरला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवा आणि पुढच्या आठवड्याचा वार विचारून ठेवा. ज्याला तुमचं नाव आठवतं तो रेडर आयओ बघत नाही. असे चार-पाच लीडर झाले की यादीत अर्ज टाकायची वेळ क्वचितच येते. गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) शोधायची तर तीही यांच्याच मार्फत शोधा. भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक गिल्ड मनमिळाऊ असते, पण वाइपच्या नवव्या फेरीत लीडर कसा बोलतो हे तुम्ही इथे आधीच ऐकलेलं असतं.