'पाहू' म्हणायचं नाही, इसार द्यायचा: वाट पाहण्यासारखे बेत कसे आखावेत

कॅलेंडर भिंतीवर असेलच. पेन घ्या आणि आधी शेतीनं अडवलेले दिवस खोडून टाका. आमचा मंगरूळपीर तालुका सोयाबीन-तुरीचा. म्हणजे मृगापासून पेरणी आटोपेपर्यंत, मग निंदणाचे आठवडे, दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी, मार्गशीर्ष-पौषात तूर, पुढे हरभरा. उरले ते दिवस तुमचे. संत्रावाल्यांचं आणि धानवाल्यांचं गणित वेगळं, पण मोकळे दिवस सगळ्यांकडे निघतात. "मले तं एक दिवस मोकळा नाई" म्हणणाऱ्या बाईनं मागच्या उन्हाळ्यात किती लग्नं जेवली ते मोजावं.

सण मोजायचे नाहीत

मोबाईलवर सल्ले देणारे म्हणतात, आपल्याकडे इतके सण आहेत, वेगळी मजा कशाला शोधायची? असं म्हणणाऱ्यानं महालक्ष्म्यांच्या दिवशी पहाटे चारला उठून सोळा भाज्या चिराव्यात. ज्या दिवशी तुम्ही चुलीपुढे उभ्या आहात तो दिवस दुसऱ्यांच्या मजेचा, तुमच्या नाही. पोळ्याचंही तेच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या पोरांचा तो सण खराच आहे, पण माझ्या यादीत तो नाही. यादीत तेच येईल ज्याची वाट तुम्ही स्वतः पाहाल.

यादी छोटी ठेवा. वर्षाचा एक मोठा बेत, दोन-तीन मधले, आणि आठवड्याचं काहीतरी बारीक. माझं आठवड्याचं म्हणजे बाजाराच्या दिवशी पावशेर गरम जिलेबी, तिथंच उभ्यानं खायची, घरी आणायची नाही. मधला म्हणजे कोणाच्या तरी वावरात हुरडा. आता ज्वारी पेरणारे कमी राहिले, त्यामुळे दिवाळीतच विचारून ठेवावं लागतं. नाहीतर गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी, भाजणारे मात्र पुरुष. निवडण्यावर याहून जास्त वेळ घालवू नका. लोक इथंच महिनाभर घोटाळतात, आणि खरी अडचण पुढे आहे.

तारीख

माझी चार वर्षं इथं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असं पुण्याच्या संशोधकांनी नंतर सांगितलं. मोबाईलवर फोटो पाहून चौथीतला पोरगा म्हणाला, "आई, दाखव नं." आमच्या गावाहून लोणार शे-सव्वाशे किलोमीटर. मी घरधन्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाहू. तळं काई पळून चाल्लं काय?"

ते वर्ष कोरोनाचं, ते माफ. पुढच्या वर्षी ठरलं की सोयाबीन विकलं की जाऊ. २०२१ च्या श्रावणात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि नवा माल बाजारात येईस्तोवर भाव पार पडला. मग सगळ्यांसारखी आम्हीही पोती ओसरीत रचली, भाव वाढेल म्हणून. लोणार त्या पोत्यांखाली दबलं. त्याच्या पुढल्या वर्षी माल वेळेवर विकला, तर पैसे आले त्याच संध्याकाळी कृषी केंद्राची उधारी आणि पोरीची फी. शेतकऱ्याच्या घरात येणाऱ्या पैशावर आधीच कोणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे "विकलं की", "पाऊस बरा झाला की", "पोराची परीक्षा झाली की" या तिन्हींचा अर्थ एकच: नाही.

मला हे उमजायला फार वेळ लागला. मी उलट बाजूनं बांधत होते, आधी पैसा आणि मग दिवस. आता आधी दिवस धरते आणि त्या दिवशी हातात जेवढं असेल तेवढ्यात बेत बसवते. पैसे कमी पडले तर मुक्काम रद्द, हॉटेलचं जेवण रद्द, घरचा डबा. अगदीच नसले तर लोणारऐवजी तालुक्याचं धरण. पण दिवस तोच. बेत बारीक करायचा, तारीख हलवायची नाही. याला कोणी हट्टीपणा म्हटलं तर म्हणू द्या.

"जानेवारीत कधीतरी" ही तारीख नव्हे. आकडा हवा, वार हवा, घरातून निघायची वेळ हवी. आणि आकडा लिहिण्याआधी पंचांगातल्या लग्नतिथी पाहा. मोठी तिथी असेल तर त्या दिवसाची कोणाची ना कोणाची पत्रिका येणारच, आणि भावकीतलं लग्न टाळायची तुमची हिंमत होणार नाही. माझीही होत नाही. म्हणून पौष. पौषात लग्नं नसतात. लोक त्याला भाकड महिना म्हणतात, मला तो वर्षातला सगळ्यात मोकळा महिना वाटतो. ४ फेब्रुवारी २०२४, रविवार, पौष संपत आलेला, तूर घरात, सकाळी सहा: असं मी कॅलेंडरवर लिहिलं तेव्हा कुठे आम्ही लोणारला पोचलो.

जिथं जायचं तिथलं दार उघडं आहे का, तेही याच वेळी पाहायचं. आमच्या ओळखीतले एकजण श्रावणात ताडोबाला निघाले होते. गाभ्याचं जंगल जुलै ते सप्टेंबर बंद असतं आणि एरवीही दर मंगळवारी बंद. पावसाळ्यातच जायचं असेल तर चिखलदऱ्याला जा, तिथं धुकं पाहायलाच जातात.

इसार

नुसती लिहिलेली तारीख पुसता येते. वावराचा सौदा आपण तोंडी मानतो का? इसार दिला की सौदा. बेतालाही तेच लागू. काहीतरी द्या, थोडं का असेना, पण परत न मिळणारं. मी संक्रांतीला गावातल्या क्रूझरवाल्याला पाचशे रुपये दिले आणि घरी येऊन सांगितलं. आमच्या घरात पाचशे रुपये बुडवणं हे पाप आहे. त्या दिवसापासून "पाहू" हा शब्द ऐकू आला नाही. रेल्वेनं जायचं असेल तर आरक्षण काढा. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवस आधी उघडतं, तेवढा काळ वाट पाहायला पुरे. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना तर फुकट. त्यामुळे सासूबाईंना न नेण्यासाठी भाड्याचं कारण उरलेलं नाही.

इसाराचा पैसा कुठून? बचत गटाचं कर्ज यासाठी काढू नका, फिरून आल्यावर प्रत्येक हप्त्याला तो प्रवास कडू होतो. माझा पैसा सरव्याचा. सोंगणी झाल्यावर वावरात सांडलेलं सोयाबीन वेचायचं, वाळवायचं, विकायचं आणि ते पैसे मिठाच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. सरवा बाईचा, त्यावर घरात कोणी हक्क सांगत नाही.

एक इशारा. इसार देण्याआधी गावभर सांगू नका. २०२३ मध्ये मी ती चूक केली. चौघांचे चौदा झाले, गाडी मोठी करावी लागली, मग पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून माझी जाऊ रुसली आणि बेत गाडीत बसण्याआधीच मोडला. जे येणार आहेत त्यांनाच सांगा, आणि त्यात एक लहान पोर असू द्या. मोठी माणसं विसरल्यासारखं करतात, पोर रोज विचारतं.

वाट पाहणे

हे आयतं होईल असं समजू नका, तेही थोडं करावं लागतं. २०१० साली नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांच्या पाहणीतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे जाण्याआधीच इतरांपेक्षा जास्त खूश होते, आणि परत आल्यावर बहुतेकांत काही फरक उरला नव्हता. हे आपल्याकडच्या पोरींना आधीपासून ठाऊक आहे. भुलाबाईच्या महिन्यात पोरी घरोघरी गाणी म्हणतात, तेव्हा खिरापतीचा डबा झाकूनच आणतात. मग तो कानाशी धरून हलवायचा, खुळखुळतं का ऐकायचं, "गोड का तिखट?" विचारायचं. कधी कधी ओळखायलाच गाण्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि डबा उघडल्यावर निघतात चार फुटाणे. आधीच उघडून दाखवला तर कोणी दारात उभं राहील का?

म्हणून सगळं एकदम सांगायचं नाही. लोणारचा आकडा मी पोराला महिनाभर आधी सांगितला, पण दैत्यसूदनाच्या देवळाबद्दल आठवडाभर आधी आणि गोमुखाच्या धारेबद्दल आदल्या रात्री. त्यानं स्वतः वहीत लिहून काढलं होतं की उल्का पडून झालेला हा खड्डा काळ्या बेसॉल्ट खडकात आहे आणि काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या वर आहे. गाडीत तो आम्हालाच शिकवत होता. जागेचे व्हिडिओ मात्र आधी पाहू देऊ नका, तो डबा उघडण्याचाच प्रकार.

तो दिवस

जायचं. डबा न्यायचा.

तळं हिरवट होतं. गुलाबी रंग कधीच गेला होता, चौथीतला पोरगा सातवीत गेला होता. त्यानं काठाच्या पाण्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली आणि म्हणाला, "साबणावानी लागते." पाणी इतकं खारट-क्षारी आहे की खरंच बुळबुळीत लागतं. मग त्यानं बापाकडे पाहिलं. "तळं नाई पळालं बाबा, रंग पळाला." हे काही बोलले नाहीत, त्यांनीही वाकून पाण्यात हात घातला.

बेत मोडला तर

पाऊस, गारपीट, मयत, गुरांचं आजारपण यापुढे इलाज नाही. तशा वेळी त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, नवी तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की गेलं. तारीख हलवण्याची मुभा एवढीच, आणि तीही एकदाच.

आता भिंतीवर डिसेंबरच्या एका शनिवारला लाल गोल आहे. नागभीडकडे दिलेल्या बहिणीच्या गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे तिकडच्या पूर्व विदर्भातलं, नाटक. तिनं खुर्चीची तिकिटं घेतो म्हणून कळवलं, मी लगेच पैसे पाठवले. काल हे जेवताना मान वर न करता म्हणाले, "रातभर चालते म्हंता नाटक. मंग कांबळं नेऊ काय?"