नारळाचं वाटप शेवटी: स्लो कुकरमधलं आळसांद्यांचं तोंडाक

घरातलं एक माणूस सात वाजता वेर्ण्याला कामावर, दुसरं दुपारी दोनला हॉटेलच्या शिफ्टला आणि मुलं दीडला शाळेतून परत. अशा घरात स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, कामाचा, पण गोव्याचं जेवण त्यात सगळं एकदम टाकून चालत नाही. कडधान्य आणि मटण त्याच्या हवाली करावं. नारळ आणि कोकम मात्र आपल्या हातात ठेवावं. तोंडाक, म्हणजे नारळाच्या वाटपातली कडधान्याची रसभाजी, याच रीतीने करायचं.

साडेतीन लिटरच्या भांड्याला दीड वाटी आळसांदे (गोव्याची मोठी चवळी) रात्री भिजत घाला. वाटपही रात्रीच करून ठेवा: एक वाटी ओलं खोबरं, एक कांदा, 2 चमचे धणे, 5-6 सुक्या मिरच्या, 6 मिरी, 3 लवंगा, सगळं तांबूस भाजून बारीक वाटायचं आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये. भाजायचा कंटाळा करू नका. कुकरमध्ये कांदा-खोबरं नुसतं शिजतं, खरपूस होत नाही, आणि मग तोंडाकाला चव येत नाही.

सकाळी भिजवलेलं पाणी फेकून आळसांदे नव्या पाण्यात गॅसवर 10 मिनिटं खळखळून उकळा. राजमा असेल तर हे टाळूच नका: त्यातला विषारी घटक कुकरच्या मंद आचेवर पुरता नष्ट होत नाही. उकळते आळसांदे पाण्यासकट भांड्यात ओता, चिरलेला कांदा, हळद, मीठ घाला. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं पुरे, कारण वाफ बाहेर जात नाही. सहा वाजता ‘लो’वर, म्हणजे मंद आचेवर, लावलं की एकपर्यंत दाणे मऊ होतात. मधे झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की 20-30 मिनिटं वाढतात.

एक वाजता शिफ्टला निघणाऱ्याने दाणा बोटांत चेपून पाहावा. मऊ असेल तरच वाटप घालून हायवर अर्धा तास, शेवटच्या 10 मिनिटांत 4-5 कोकम. आंबट आधी पडलं तर दाणे चिवट राहतात. नारळाचा रस घालणार असाल तर तोही शेवटीच, नाहीतर फाटतो.

दीडला मुलं जेवली की वॉर्मवर ठेवा. साडेपाचला वेर्ण्याहून येणाऱ्याला गरम मिळेल, पण वॉर्मवर चार तासांच्या वर नको. रात्री अकराला येणाऱ्याचा वाटा पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि नंतर गॅसवर उकळी. थंड जेवण गरम करायला स्लो कुकर वापरू नये, फार वेळ कोमट राहतं.

शागोतीचं (भाजलेल्या मसाल्याच्या गोव्याच्या रश्श्याचं) चिकन हाडासकट घ्या, लोवर 4-5 तास. गोठलेलं थेट घालू नका, आणि टायमर लावून कच्चं चिकन तासन्‌तास बाहेरच्या उकाड्यात तर नकोच. हुमण, म्हणजे माशांची आमटी, गॅसवरच बरं. मासळीचा इथे भुगा होतो.

पावसाळ्यात वीज जाणारच. घरी असाल तर लगेच पातेल्यात काढून गॅसवर. कुणी नसताना गेली तर डिजिटल कुकर बहुधा बंदच पडून राहतो, खटक्याचा मात्र वीज आली की गुपचूप पुन्हा चालू होतो, आणि मधे किती वेळ बंद होता ते कळत नाही. स्वयंपाकघरातलं विजेवरचं घड्याळ लुकलुकत असेल आणि भांड्यात मांस असेल, तर टाकून द्या.