पहिलं सिझर झालंय, आता नॉर्मल ट्राय करायचंय? मग हे आधी गोळा करा

सगळ्यात आधी पहिल्या सिझरची फाईल शोधा, कपाटावर, गादीखाली, माहेरी, जिथं असेल तिथनं. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतला पण आडवाच असं काही नसतं, गर्भपिशवीवर छेद कसा घेतला ते ऑपरेशन नोटमध्येच सापडतं. खाली आडवा असेल तर पुढचं बोलता येतं, वरपर्यंत उभा असेल तर नॉर्मलचा नाद सोडायचा. माझ्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं एलएससीएस (पिशवीच्या खालच्या भागावरचं सिझर) आणि तारीख, का केलं ते नाहीच. दोन चकरा मारल्या तेव्हा झेरॉक्स मिळाली, बाळ पायाळू होतं म्हणे. यावेळी बाळ डोक्यावर आहे, म्हणजे तेव्हाचं कारण आता उरलंच नाही, हे कळल्यावरच माझ्या जिवात जीव आला.

मग तारखा मोजा, दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर धोका वाढतो. तसं प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी 60 ते 80 जणींचं जमतं, आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर अजून चांगलं. जुना टाका फाटण्याचा प्रकार 200 मागे एखादीला, पण झाला तर मिनिटांचा खेळ, म्हणून हॉस्पिटल निवडताना एसी रूम बघू नका, रात्री 2 वाजता भूलतज्ज्ञ तिथंच असतो का घरनं येतो, रक्त लगेच मिळतं का, कळा चालू असताना बाळाचे ठोके मशीनवर सतत बघतात का, हे तोंड उघडून विचारा, डॉक्टर चिडले तर चिडू देत. पैशाचं टेन्शन असेल तर सिव्हिलला चौकशी करा, सरकारीत नॉर्मल काय आणि सिझर काय, फुकटच होतं. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यावर चिकटलेली नाही ना तेही विचारायचं. आणि कळा आपोआप आल्या नाहीत तर पुढं काय ते आधीच ठरवा, कळा आणायची मिसोप्रोस्टॉलची गोळी अशा केसमध्ये देत नाहीत, आणि शेजारच्या काकूंचं एरंडेल तर नकोच नको.

माहेर मंगळवेढ्याला असलं तरी शेवटचे तीन-चार आठवडे सोलापुरातच थांबा, आईला इकडं बोलवून घ्या. तारीख जानेवारीतली असेल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या जत्रेच्या) गर्दीत होम मैदानाकडनं गाडी निघणार नाही, दुसरा रस्ता नवऱ्याला एकदा दाखवून ठेवा. कळ ओसरल्यावर पण टाक्याच्या जागी दुखत राहिलं, अंगावरनं लाल जायला लागलं नाहीतर बाळ कमी हलतंय वाटलं तर कळा मोजत बसायचं नाही, निघायचं.

सासूबाईंना पण सांगून ठेवा की ऐनवेळी सिझर करावं लागू शकतं, नाहीतर ऑपरेशन थिएटरच्या दारात चर्चा सुरू होते. बॅगेचं काय, पहिल्या वेळचंच सामान, फक्त सैल गाऊन दोन जास्त टाका. फाईलची एक झेरॉक्स बॅगेत, एक गाडीच्या डिकीत, आणि फोटो तिघांच्या मोबाईलवर.